आधी पेठ की आधी चढ

१२ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा नगरपरिषदेची लाईट गेली आणि पुन्हा ती मीच घालवली असं ठरलं.

चार नव्या इलेक्ट्रिक घंटागाड्या आल्या. नारळ फुटला, फोटो झाले. चार्जिंगचा पॉइंट मात्र अजून यायचाय. तोवर रेकॉर्ड रूमच्या खिडकीतून वायर बाहेर काढून गाड्या लावायच्या. दोन लावल्या तर चालतं. तिसरी लावली की मेन पडतो. माझी गाडी तीन नंबरची.

दाखल्यांच्या खिडकीपुढं ही रांग. कॉम्प्युटर बंद. सगळे माझ्याकडं बघायलेत. एक म्हातारा म्हणाला, "बाई, भावाच्या मयताचा दाखला न्यायला आलतो. माझाबी काढूनच धाडता का?"

स्वच्छता निरीक्षक साहेब बाहेर आले. (रोज एवढं लांबलचक कोण लिहिणार. पुढं नुसतं नि.सा.) म्हणाले, "सुजाताबाई, तुमची गाडी राती लावत जा की."

रात्री रेकॉर्ड रूमला कुलूप असतं. हे मी त्यांना चौथ्यांदा सांगितलं. चौथ्यांदा "बघू" म्हणाले.

निघताना ९१ टक्के, परत येताना ७. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, रोज बॅटरीचे आकडे लिहून ठेवा. बाकीचे तिघे ड्रायव्हर लिहीत नाहीत. मी लिहिते. आकड्यांखाली बाकीचं पण लिहून होतं, त्याला इलाज नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. उसाची चिपाडं, बोरं, गाजरं, वाणाच्या प्लास्टिकच्या वाट्या ज्या उद्याच फुटणार आहेत.

गाडी आवाजच करत नाही. जुनी डिझेलची गाडी दोन गल्ल्या आधीपासून खडखडायची, बाया डबे घेऊन दारात उभ्या. ही येते कधी आणि जाते कधी, पत्ता नाही. आज निम्म्या बाया मागून पळत आल्या, नऊवारी सावरत, हळदीकुंकवाचं ताट तसंच हातात. एकीने डबा रस्त्यातच ओतला आणि म्हणाली, "चोरावानी येता अन् चोरावानी जाता!"

भोंगा आहे गाडीला. पण त्यात दुसऱ्याच कुठल्यातरी शहराच्या नागरिकांना नमस्कार करून ठेवलाय. नि.सा. म्हणाले तो लावू नका, इज्जत जाते. मग काय लावू? "बघू."

शेवटी कौसामावशींनी डब्याचं झाकण काढलं आणि काठीने बडवायला लागल्या. कौसामावशी म्हणजे माझ्या गाडीवरची मदतनीस. वय पंचावन्नच्या पुढं. मी शाळेत होते तेव्हापासून त्या ह्या गावाचा कचरा उचलतायत. झाकण बडवता बडवता मला म्हणतात, "लाखाची गाडी घेतली अन् मुकी कावून घेतली?"

मी गाडी पुढं घेतली. हात मात्र त्यांचा दुखला, संध्याकाळी चोळून दिला.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज जे व्हायचं ते झालं. चढावर गाडी थांबली.

आमच्या गावाचा नकाशा सोपा आहे. खाली पेठ, मध्ये बाकीच्या गल्ल्या, वर टेकडीवर आमची वस्ती. हा सगळा पट्टा माझ्या गाडीकडं. वस्तीत दीडेकशे घरं, सगळी आमचीच माणसं. वर विहार, विहाराला लागून नळ. मी लग्न होऊन आले तेव्हापासून घंटागाडी सगळ्यात शेवटी वर येते. डिझेलच्या गाडीला फरक पडत नव्हता, भरलेली असली तरी काळा धूर सोडत चढायची.

ही इलेक्ट्रिक. पेठ करून, गल्ल्या करून, ओल्या कचऱ्याने गच्च भरून चढाला लागले तेव्हा १९ टक्के होते. मधल्या वळणावर ११. आणि मग कासवाचं चित्र लागलं डायलवर. कासव लागलं की गाडी जोर लावत नाही. मी दाबतेय, ती चढत नाही. कौसामावशी खाली उतरून ढकलतायत, जशी काय बैलगाडी.

उलटी आणली. वस्तीचा कचरा राहिला.

घरी गेले तर सासूबाई दारातच. आत्या म्हणते मी त्यांना. "आगं, तू आमच्याच घरची, अन् आमच्याच दारातला उकिरडा उचलना व्हय?"

त्यांना टक्केवारी काय सांगू.

१९ जानेवारी, सोमवार

शनिवारी नाही चढली. आज नाही चढली. विहाराच्या भिंतीला कचऱ्याचा ढीग, नळाच्या खाली वाहून यायला लागलाय. शेजारच्या निर्मलाबाईने मला बघून पदर नाकाला लावला. मला बघून की ढिगाला, देव जाणे. नाही, तिला माहीत आहे.

नि.सा.ना सांगितलं. म्हणाले, "कंपनीचा माणूस म्हणतो गाडीत दोष न्हाई."

"मग दोष कशात हाय सायेब?"

"चालवण्यात असंल."

मी डिझेलची गाडी दोन वर्षं चालवली. धारूरच्या घाटातून मिस्टरांच्या मित्राचा टेम्पो आणला होता एकदा, पावसात. चालवण्यात असंल म्हणे.

मध्येच गाडी खाली करून पुन्हा यावं म्हटलं तर कचरा डेपो गावाच्या दुसऱ्या टोकाला. जाऊन येऊन बॅटरी उरत नाही. डिझेलच्या जुन्या दोन गाड्या मागच्या महिन्यातच भंगारात गेल्या. सगळ्या वाटा व्यवस्थित बंद केलेल्या आहेत.

२१ जानेवारी, बुधवार

एक गोष्ट लक्षात आली. लिहून ठेवते, नाहीतर मलाच खरी वाटणार नाही.

उतारावर पाय काढला की डायलवरचा काटा हिरव्यात जातो. आज चढावरून उलटी फिरून खाली निघाले तेव्हा ८ होते, पायथ्याला आल्यावर ९. म्हणजे उतरताना गाडी स्वतःच स्वतःला थोडी भरते.

मग जर आधी वर गेलं तर? सकाळी, रिकामी गाडी, बॅटरी भरलेली. रिकामी असल्यामुळं चढायला त्रास नाही. वर कचरा भरायचा आणि भरलेली गाडी उताराने खाली आणायची. भरलेली जड, म्हणजे उतरताना जास्त भरणार. मग गल्ल्या, मग सपाटीची पेठ, मग पेठेच्या पुढं सरळ डेपो. डेपो तर पेठेच्याच बाजूला आहे!

दुपारी जेवताना कौसामावशींना सांगितलं, भाकरीच्या तुकड्याने जमिनीवर काढून दाखवलं. त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "पोरी, हे तर बैलालाबी कळतं. भरलेली गाडी चढावर कोण घालतं?"

मग आपण इतके दिवस काय करतोय.

२३ जानेवारी, शुक्रवार

नि.सा.ना कागदावर काढून दिलं. त्यांना पटलं. खरंच पटलं, चेहऱ्यावरून कळलं. मग तो कागद त्यांनी घडी करून फाईलखाली सारला.

"रूट बदलता येत न्हाई, सुजाताबाई. पेठ पहिली असती."

"कावून पण?"

"अगोदरपासून हाय तसं."

गेले अप्पांकडं. महालिंगअप्पांचं पेठेत किराणाचं मोठं दुकान, व्यापाऱ्यांमध्ये त्यांचा शब्द चालतो. माणूस वाईट नाही. कपाळाला भस्माचे पट्टे, बोलणं हळू. मला म्हणाले, बस बाई. मी उभीच राहिले. सगळं सांगितलं. पेठेत सव्वाआठला येईन, दुकानं नऊला उघडतात, तुमचं काही अडत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. "अडत न्हाई, खरं हाय. पण पेठ पहिली, ही आमच्या आज्यापासूनची पद्धत. मी एकट्यानं कशी मोडू?"

त्यांच्या गल्ल्यावर बसलेला दुसरा एक दुकानदार वहीतून मान वर न काढता म्हणाला, "म्हंजी वस्तीतली घाण भरून ती गाडी आमच्या दारात आणणार व्हय?"

अप्पा तराजू पुसायला लागले. मी चप्पल घातली.

पेठेची घाण भरून मी रोज माझ्या दारात नेते. हे तिथं सुचलं नाही. घरी आल्यावर, तवा तापल्यावर सुचलं.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. चारी गाड्यांना फुगे बांधले. मला पुढं उभं केलं, "महिला चालक, महिला चालक" करत. हार घातला. फोटोत हसा म्हणाले.

वर वस्तीत आज दहावा दिवस.

२८ जानेवारी, बुधवार

केलं. कुणाला न विचारता.

सकाळी साडेसहाला गाडी काढली, गेटातून उजवीकडं वळवली. कौसामावशींनी फक्त एकदा माझ्याकडं बघितलं आणि झाकण बडवायला घेतलं. निघताना ९८. वर पोचल्यावर ८८. अकरा खेपा भरतील एवढा ढीग, पण गल्ल्या-पेठेला जागा ठेवून बसेल तेवढा उचलला. वस्तीतले सगळे बाहेर. निर्मलाबाईने फावडं आणलं. आत्यांनी कौसामावशींना चहा दिला, मला नाही, मला म्हणाल्या, "तुला घरी पिता यील. काम कर."

उतरताना ८८ चे ९१ झाले. खोटं वाटेल म्हणून फोटो काढलाय.

पेठेत आठ वाजून दहा मिनिटांनी. एकही दुकान उघडलेलं नव्हतं. डेपो करून परत आले तेव्हा ३४ टक्के शिल्लक. चौतीस! रोज सात-आठवर येते मी.

नि.सा. खिडकीत उभे होते. आत वळले. मला वाटलं, चला, सुटलं.

२९ जानेवारी, गुरुवार

सुटलं कसलं. नोटीस. कारणे दाखवा. "विहित मार्ग सोडून वाहन चालविल्याचे जीपीएसवरून निदर्शनास आले." तीन दिवसांत खुलासा.

गाडी चढावर दहा दिवस बंद पडत होती ते जीपीएसच्या निदर्शनास आलं नाही. ती उजवीकडं वळली ते मात्र लगेच आलं.

नि.सा.ना विचारलं, "सायेब, तुमीच कागद बघितलाता ना?"

"बघितलाता. पण सही न्हाई केलती."

३१ जानेवारी, शनिवार

मिस्टर घाटनांदूरच्या शाळेत शिपाई आहेत, शनिवारी येतात. नोटीस वाचली. पुन्हा वाचली. म्हणाले, "चुकी झाली म्हणून लिहून दे अन् मोकळी हो."

"चुकी कुठं झाली?"

"झाली न्हाई. पण लिहायला काय जातं?"

भांडण झालं. जेवण न करता ते गच्चीवर गेले. मी खुलासा लिहिला. चुकी झाली असं लिहिलं नाही. रोजचे आकडे लिहिले, तारीखवार, १२ तारखेपासून. शेवटी लिहिलं की उलट्या मार्गाने तिन्ही भागांचा कचरा एका चार्जिंगमध्ये उचलला जातो, तपासून बघावे.

ते गच्चीवरून खाली आले, वाचलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. म्हणाले, "'शिल्लक' असतं, 'शिलक' न्हाई." मग जेवले.

२ फेब्रुवारी, सोमवार

खुलासा "समाधानकारक नाही". तीन नंबरवरून काढलं. उद्यापासून झाडू. चढाच्या पायथ्यापासून शाळेपर्यंतचा रस्ता.

तीन नंबर पप्पूला. पप्पू म्हणजे एका नगरसेवकाचा भाचा. गाडी बरी चालवतो, पण आकडे लिहीत नाही, डायलकडं बघतच नाही, गाणी लावून चालवतो. त्याला सांगायला गेले की चढावर १५ च्या खाली आला तर जाऊ नको. "वयनी, टेन्शन नका घिऊ," म्हणाला. कौसामावशी त्याच्याच गाडीवर राहिल्या.

किल्ली त्याच्या हातात न देता सीटवर टाकली. रागाने. दुसरं काही नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

झाडू. काही लिहायचं नाही. वस्तीचा कचरा पुन्हा तसाच. आत्या पण आता काही बोलत नाहीत, ते जास्त लागतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जमेल तसं लिहिते.

साडेदहाला तीन नंबर चढाला लागली. मी पायथ्याशी झाडत होते. पप्पूला नगरपरिषदेतून फोन आला असणार, वस्तीतून तक्रार गेलीय म्हणे, आज काहीही करून चढव. गच्च भरलेली. ताडपत्री लागत नव्हती इतकी भरलेली. कौसामावशी मागच्या पायरीवर उभ्या.

मधल्या वळणावर थांबली. मग मागं यायला लागली. हळू, आवाज न करता. डिझेलची असती तर इंजिन ओरडलं असतं, माणसं बाजूला झाली असती. ही नुसती येत होती. मी ओरडले, "मावशी उडी मारा!"

त्यांनी मारली. गाडी गटाराच्या कठड्याला अडकून थांबली. मावशी हातावर पडल्या. मनगट असं वाकडं झालेलं.

पप्पू खाली उतरला आणि कठड्यावर बसून राहिला. पांढराफटक. त्याच्यावर ओरडायला गेले आणि ओरडता आलं नाही.

केबिनमध्ये चढून अर्धवट ओढलेला हँडब्रेक पूर्ण ओढला. डायलवर ४ टक्के आणि कासव. फोटो काढला. का काढला माहीत नाही, सवय.

महालिंगअप्पा चढावरच्या महादेवाचं दर्शन करून खाली येत होते. त्यांनी सगळं बघितलं. स्वतःची जीप आणवली, मावशींना पुढच्या सीटवर बसवलं, अंगावरची शाल काढून हाताखाली दिली.  दवाखान्यात मावशी मला म्हणतात, "झाकण तिथंच राहिलं बघ रस्त्यावर."

७ फेब्रुवारी, शनिवार

मावशींचा हात प्लॅस्टरमध्ये. दीड महिना.

हजेरी बघायला गेले. कालच्या तारखेला कौसाबाई, गैरहजर.

मला वाटलं चुकून. हजेरीवाल्याला म्हटलं, ती तर गाडीवर होती. तो म्हणाला, "वरून सांगितलंय. गाडीवर विनापरवाना चढली असं हाय."

तीस वर्षं घंटागाडीवर चढणारी बाई. विनापरवाना.

९ फेब्रुवारी, सोमवार

नि.सा.नी बोलावलं. खोलीचं दार लावून घेतलं. अपघाताचा कागद वर पाठवायचाय, त्यात साक्षीदार म्हणून माझी सही हवी. कागदावर लिहिलेलं, "वाहन सुस्थितीत होते."

मोबाईल काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. ४ टक्के, कासव, वेळ दहा छत्तीस.

त्यांनी मोबाईल उचलून डोळ्याजवळ नेला. मग म्हणाले, "हे आणखी कुणाला दावलं?"

"अजून न्हाई."

"अजून" मी मुद्दाम म्हटलं नव्हतं. निघून गेलं तोंडातून. पण त्या एका शब्दाने खोलीतली हवाच बदलली. पाणी मागवलं माझ्यासाठी. आजपर्यंत कधी मागवलं नव्हतं.

"सुजाताबाई, मी काय तुमच्या वाईटावर न्हाई. माझ्याबी डोक्यावर माणसं हायेत."

त्यांची दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. हे मला माहीत आहे आणि त्याचंही मला वाईट वाटतं, ह्याचा मला राग येतो.

सांगितलं, मावशींची हजेरी लावा. मग बोलू.

११ फेब्रुवारी, बुधवार

हजेरी लागली. ड्युटीवर असताना अपघात, असं लिहून मिळालं. मावशींना नेऊन वाचून दाखवलं. "एवढंच?" म्हणाल्या. एवढंच. एवढ्यासाठी चार दिवस.

गाडी दुरुस्त होऊन आली. नि.सा. म्हणाले, उद्यापासून तुम्ही घ्या, आधी वर जा, कुणी काही म्हणणार नाही.

"लिहून द्या."

"लिहून कशाला? मी सांगतोय ना."

"मागच्या टायमाला सही नव्हती, सायेब."

त्यांनी समोरची फाईल उघडली. मी पण किल्ली घेतली नाही. झाडूच घेतला. वस्तीतल्या बाया आता माझ्यावर चिडल्यात. गाडी देतायत आणि ही घेत नाही. आत्या म्हणाल्या, "कागद खाणार हायस का? ढीग उचल आधी."

त्यांचं बरोबर आहे. माझं पण बरोबर आहे. दोन्ही बरोबर असलं की घरात भांडी जोरात आपटतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

महालिंगअप्पांनी दुकानात बोलावलं. ह्या वेळी मी बसले.

म्हणाले, "मी बघितलं त्या दिवशी. ती बाई गाडीखाली आली असती तर..."  मग ड्रॉवरमधून कागद काढला. पेठेच्या व्यापाऱ्यांचं पत्र, सगळ्यांच्या सह्या, वर शिक्का. घंटागाडी आधी वस्तीत गेल्यास पेठेची हरकत नाही.

खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. किती दिवस ह्या एका ओळीसाठी.

मग खाली अजून एक ओळ होती. "मात्र पेठेत येण्यापूर्वी गाडी स्वच्छ धुतलेली असावी."

मी वर बघितलं. अप्पा दुसरीकडं बघत होते. "दोघा-तिघांचं म्हणणं पडलं, बाई. त्याबिगर सह्या होत न्हवत्या. मला बी... मी काय करू? पाणीच तर मारायचंय."

पाणीच तर मारायचंय. भरलेली गाडी धुवायची, कचऱ्यासकट. गावाला नळ चार दिवसांतून एकदा. हे सगळं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "अप्पा, पेठेतून निघाल्यावर कोण धुणार?"

त्यांना कळलं. नक्की कळलं, कारण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गिऱ्हाईक आलं, ते त्याच्याकडं वळले. साखर तोलायला लागले. माझ्यासाठी मागवलेला चहा तसाच राहिला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल शिवरात्र झाली, सगळा चढ नारळाच्या करवंट्या आणि बेलाच्या पानांनी भरलाय. दुपारपर्यंत झाडत होते.

आदेश आला. मुख्याधिकारी साहेबांच्या सहीचा. आधी वरची वस्ती, मग गल्ल्या, शेवटी पेठ. प्रायोगिक तत्त्वावर. चालक म्हणून माझं नाव. सगळं जसं मी जानेवारीत कागदावर काढून दिलं होतं तसं. आणि अट क्रमांक तीन: वस्तीतील संकलनानंतर, पेठेत प्रवेश करण्यापूर्वी वाहन धुणे बंधनकारक. वाचून समजल्याची चालकाची सही.

मिस्टरांना फोन केला. तेच, जे माफी लिहून दे म्हणत होते, म्हणाले, "सही करायची न्हाई. नोकरी गेली तर गेली."

आत्यांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. "धुऊ दे की त्यांना. त्यांच्या धुण्यानं आपण काय पुसले जात न्हाई. सही कर. नळाखालून किडे यायलेत."

मावशींकडं गेले. गळ्यात हात अडकवून बसलेल्या. म्हणाल्या, "मला इचारू नको. मी तर तीस साल दोन्हीकडचं उचललं. वास येकच येतो."

कुणाचंच चुकत नाही. मला कुणीतरी चुकीचं हवं होतं, म्हणजे सोपं झालं असतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

केबिनमध्ये बसून लिहितेय. सात वाजून पाच.

सहाला आले. गाडी १०० वर आहे, ह्या गाडीवर शंभर मी आज पहिल्यांदा बघितले. नि.सा. पण लवकर आलेले. आदेश पुढं केला, पेन पुढं केलं.

मी अट क्रमांक तीनच्या खाली माझ्या अक्षरात एक ओळ लिहिली. "तसेच पेठेतील कचरा भरल्यानंतर इतर कोणत्याही वस्तीत अगर गल्लीत जाण्यापूर्वी वाहन धुणे बंधनकारक." मग खाली सही केली, पूर्ण नाव, तारीख.

नि.सा.नी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "हे चालणार न्हाई, सुजाताबाई."

"मग वरचंबी चालणार न्हाई, सायेब. दोन्ही ठिवा, न्हाईतर दोन्ही खोडा."

"आदेशावर असं आपल्या हातानं लिहीत असतात का?"

"लिहीत नसतेत. पण लिवलंय आता."

मला वाटलं फाडतील. फाडलं नाही. क्षणभर तर हसल्यासारखे वाटले, पण उजेड कमी होता, नक्की सांगता येत नाही. कागद हातात धरून मुख्याधिकारी साहेबांच्या केबिनकडं गेले. साहेब आज लवकर आलेत, तालुक्याची मीटिंग आहे.

दार लावलेलं आहे. आतून आवाज येतायत, शब्द कळत नाहीत.

कौसामावशी आल्यात. कुणी बोलावलं नव्हतं. एका हाताने दार उघडून शेजारी बसल्या. म्हटलं, तुम्ही रजेवर आहात, हजेरी लागणार नाही. "हजेरीला कोण आलंय," म्हणाल्या.

सव्वासात. आत्यांचा फोन, घेतला नाही. परत आला. घेतला. वस्तीतल्या बाया डबे घेऊन विहारापाशी उभ्या आहेत म्हणे. काय सांगू म्हणून विचारतात.

थांबा म्हणावं त्यांना, म्हटलं. किती वेळ, म्हणाल्या.

आतला आवाज वाढलाय. कुणीतरी खुर्ची सारली.

मावशी म्हणतात, लिहिणं बंद कर अन् समोर बघ. दार उघडलं. वही मिटते.